अभ्रकाची साक्ष



बडोदे शहराच्या वायव्येला गोरवा नावाचा भाग आहे. पूर्वी ते एक खेडे होते. आज तेथे कारखाने, वसाहती आणि वर्दळीचे रस्ते आहेत. १९०७ साली स्थापन झालेल्या ॲलेम्बिक कारखान्यामुळे रसायन हा शब्द या परिसराला नवा नाही. परंतु खडक म्हणाल तर तो गोरव्यात नाही. घराचा पाया खणताना लागते ती नद्यांनी आणून पसरलेली गाळाची माती, वाळू आणि चुन्याचे कंकर. खडक पाहावयाचा असेल तर त्याचा चुरा मात्र पाहावयास मिळतो, आणि तो रस्त्यावरच! कोठे ना कोठे बांधकाम चाललेले असते आणि त्यासाठी वाळूचा ढीग पडलेला असतो. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या ढिगाकडे पाहिले, की त्यात काही कण लखलखताना दिसतात. मूठभर वाळू उचलून पाहिली तर कळते की ते कण नव्हेत, पापुद्रे आहेत. काही काळपट, काही सोनेरी. मुले त्यांना सोने समजून कागदाच्या पुडीत बांधून ठेवतात. ते सोने नव्हे, अभ्रक होय.

ही वाळू बहुधा ओरसंगेची अथवा महीची असते. ओरसंग ही छोटा उदेपूरच्या बाजूने येऊन चांदोदजवळ नर्मदेला मिळते. चांदोद हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना श्राद्धविधीमुळे किंवा नर्मदेच्या परिक्रमेमुळे परिचित असेल. मही वरच्या अंगाला पंचमहालाच्या प्रदेशातून वाट काढते. या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांत ग्रॅनाइट आणि त्याचे भाऊबंद खडक उघडे पडलेले आहेत. तेव्हा गोरव्यातील वाळूतला पापुद्रा हा एका फार जुन्या ग्रॅनाइटचा तुकडा आहे. तो ग्रॅनाइट कसा जन्मला, कशापासून जन्मला, या प्रश्नावर दीडशे-दोनशे वर्षे विद्वानांत कडाक्याचा वाद झाला, आणि त्या वादात या क्षुल्लक दिसणाऱ्या पापुद्र्याला साक्षीदार म्हणून उभे करण्यात आले. त्या साक्षीचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

अभ्रकाची परीक्षा घेण्याची प्रथा आपल्याकडे मुळीच नवी नाही. रसशास्त्राच्या ग्रंथांनी, विशेषतः ‘रसरत्नसमुच्चय’ या सुप्रसिद्ध ग्रंथाने, अभ्रकाचे चार प्रकार सांगितले आहेत: पिनाक, नाग, मंडूक आणि वज्र. हे वर्गीकरण रंगावरून नाही, अग्नीतील वर्तनावरून आहे. निखाऱ्यात टाकले असता ज्याची पाने सुटतात ते पिनाक, जे सापासारखे फुत्कारते ते नाग, जे बेडकासारखे उड्या मारते ते मंडूक, आणि ज्याच्यात काहीही विकार होत नाही ते वज्र. भस्मासाठी घ्यावयाचे ते काळे वज्राभ्रकच, बाकीची त्याज्य, असा दंडक होता. या परीक्षेत रसवैद्यांची सूक्ष्म दृष्टी दिसते. अभ्रकात पाण्याने शिरकाव केलेला असला, त्याचे मूळ घटक झिजून गेलेले असले, तर तापवताच त्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे फुगतात, तडतडतात, उडतात. म्हणजे अग्नीत स्थिर राहणारे अभ्रक हे बहुतांशी न बिघडलेले अभ्रक होय. साक्षीदार बिघडलेला आहे की नाही, हे आधी पाहा आणि मग त्याचा उपयोग करा, हा नियम आजच्या प्रयोगशाळेतही पहिलाच आहे. त्याकडे आपण पुढे येऊच.

आता वादाकडे वळू. ग्रॅनाइट म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण स्वयंपाकघरातील ओट्यामुळे या शब्दाचा अर्थ बिघडला आहे. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून जी फरशी विकतात ती भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने पुष्कळदा ग्रॅनाइट नसतेच. खरा ग्रॅनाइट फिकट रंगाचा, खडीसाखरेसारखा दाणेदार असतो. त्यात काचेसारखी गारगोटी, पांढरे किंवा गुलाबी फेल्स्पार आणि मधून मधून काळ्या अभ्रकाचे ठिपके असतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथील खाणविद्यालयात आब्राहाम व्हेर्नर हा नामांकित अध्यापक शिकवीत होता. आद्य महासागराच्या पाण्यातून ग्रॅनाइट साक्याप्रमाणे खाली बसला, आणि म्हणूनच तो सर्व खडकांत वडील होय, असे त्याचे मत होते. व्हेर्नरने लिहिले थोडे. परंतु त्याचे शिष्य युरोपभर पसरले आणि त्यांच्याबरोबर हे मतही पसरले. चांगला शिक्षक चुकला तर ती चूक किती दूरवर जाते, याचे हे उदाहरण आम्हा शिक्षकांना विचार करावयास लावणारे आहे.

एडिंबरोच्या जेम्स हटनला हे मान्य नव्हते. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने वितळलेला रस वर चढून थिजला की ग्रॅनाइट होतो, असे त्याला वाटत होते. १७८५ साली स्कॉटलंडमधील टिल्ट नदीच्या दरीत त्याला हवा होता तो पुरावा मिळाला. तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा काळपट जुन्या खडकाला छेदून, त्याचे तुकडे करून त्यात घुसलेल्या दिसत होत्या. जो घुसतो तो नंतरचा, आणि घुसताना तो द्रव असला पाहिजे, हे सांगावयास गणित लागत नाही. हटनवर रिचर्ड कर्वन या आयरिश रसायनज्ञाने १७९३ मध्ये कठोर टीका केली. त्यात खडकांपेक्षा धर्माचा विषय अधिक होता. सृष्टीच्या वयाला हटन मर्यादाच ठेवीत नाही, हे कर्वनला सहन झाले नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवस आणि खडकांची कोट्यवधी वर्षे यांचा मेळ कसा घालावयाचा, असे आजही आमच्या ख्रिस्ती घरांतील मुले विचारतात. ते पुस्तक सृष्टी कोणाची हे सांगते, ती कशी घडली याचे टिपण ठेवीत नाही, एवढेच उत्तर मी देतो आणि मुलांना पुन्हा खडकाकडे पाठवतो. हटनचा मित्र सर जेम्स हॉल याने मात्र शब्दांऐवजी भट्टी पेटवली. काळा बेसाल्ट वितळवून हळूहळू थंड केला तर काच न होता पुन्हा दाणेदार दगड होतो, हे त्याने १७९८ च्या सुमारास दाखवून दिले. अग्निवाद्यांची बाजू त्यामुळे बळकट झाली.

तथापि ग्रॅनाइटचा वाद एवढ्याने मिटला नाही. शिलारसापासून ग्रॅनाइट होतो हे मान्य केले, तरी तो शिलारस कोठून आला? अमेरिकेतील नॉर्मन बोवेन याने १९२८ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की खोल पृथ्वीतून येणारा बेसाल्टचा काळा रस थिजत असताना जड स्फटिक आधी वेगळे होतात आणि शेवटी उरणारा फिकट, सिलिकायुक्त अंश म्हणजे ग्रॅनाइट. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अगदी उलट होते. त्यांच्या मते पुष्कळसा ग्रॅनाइट कधी पूर्ण वितळलाच नव्हता. जुने गाळाचे खडकच खोलवर उष्णतेने व झिरपणाऱ्या द्रवांनी हळूहळू पालटून ग्रॅनाइट झाले. लंडनचे प्राध्यापक एच. एच. रीड हे या बाजूचे मोठे वक्ते. त्यांची या वादावरील व्याख्याने १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सगळे ग्रॅनाइट एकाच कुळीचे मानू नयेत, हा त्यांचा आग्रह पुढे फारच खरा ठरला. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, टटल आणि बोवेन यांनी पाण्याच्या दाबाखाली केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. गारगोटी आणि फेल्स्पार यांचे मिश्रण, पाणी व पुरेसा दाब असेल, तर ६५० ते ७०० अंश सेल्सियसच्या आसपासच वितळू लागते, आणि त्या वितळलेल्या रसाची घटना पृथ्वीवरील ग्रॅनाइटांशी जुळते, असे त्यांतून निघाले. एवढे तापमान भूकवचाच्या खालच्या भागात अशक्य नाही. म्हणजे गाळापासूनही शिलारस होऊ शकतो, बेसाल्टपासूनही होऊ शकतो. भट्टीने दोन्ही दारे उघडी ठेवली. एखादा विशिष्ट ग्रॅनाइट कोणत्या दारातून आला, हे सांगणारा साक्षीदार आता हवा होता.

गारगोटी या कामाला निरुपयोगी आहे. तिच्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांखेरीज जवळजवळ काही नसते. काळे अभ्रक मात्र निराळे आहे. त्याची घडण समजून घेतल्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही, म्हणून थोडे त्यासंबंधी.

स्फटिक विशिष्ट पातळीवरच का फुटतो, हा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने प्रथम हाताळला तो फ्रान्समधील आबे आयुई या कॅथलिक धर्मगुरूने. हे गृहस्थ पॅरिसच्या एका शाळेत लॅटिन शिकवीत असत, आणि क्रांतीच्या धामधुमीत १७९२ साली त्यांना तुरुंगवासही घडला. स्फटिक हा एकाच आकाराच्या सूक्ष्म विटांचा रचलेला असतो, हे त्यांनी १७८४ मध्ये मांडले. त्या विटांची प्रत्यक्ष मांडणी क्ष-किरणांमुळे कळली. लायनस पॉलिंग याने १९३० साली अभ्रकाच्या रचनेचे कोडे उलगडले. ती रचना पुरणपोळीसारखी आहे असे म्हटले तर शास्त्रज्ञ रागावणार नाहीत. वर आणि खाली सिलिका-ॲल्युमिनाचे दोन पातळ थर, आणि मध्ये पुरणाच्या जागी लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, टायटॅनियम यांचा थर. अशा पोळ्या एकावर एक रचलेल्या असतात व दोन पोळ्यांच्या मध्ये पोटॅशियमचे अणू त्यांना धरून ठेवतात. ही पकड नाजूक असल्यामुळे अभ्रक नखानेसुद्धा सुटते. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात अशा सुमारे दहा लक्ष पोळ्या असतात. याखेरीज मधल्या थरात पाण्याचे घटक बांधलेले असतात. काळ्या अभ्रकाच्या वजनात सुमारे चार टक्के भाग त्या पाण्याचा भरतो. कोरड्या शिलारसातून अभ्रक होऊच शकत नाही. कोलकात्याच्या सेंट जॉन चर्चच्या आवारात जॉब चार्नॉकचे थडगे आहे. त्यावरील शिळेच्या दगडाला टी. एच. हॉलंड यांनी चार्नॉकाइट हे नाव दिले. तो ग्रॅनाइटसारखाच, पण पाण्याच्या दुर्भिक्षात घडलेला. म्हणून त्यात अभ्रकाच्या जागी हायपरस्थीन नावाचे निर्जल खनिज असते.

काळ्या अभ्रकाचे शास्त्रीय नाव बायोटाइट. अभ्रकातून जाणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या झाँ-बाप्तीस्त ब्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ हाउसमान याने १८४७ मध्ये ते ठेवले. त्या पुरणाच्या थरात काय भरावयाचे याबद्दल बायोटाइट फार उदार आहे. शिलारसात ज्या वेळी जे उपलब्ध असेल ते, त्या त्या प्रमाणात, ते सामावून घेते. या उदारपणामुळेच ते साक्षीला उपयोगी पडते.

पहिली साक्ष ॲल्युमिनियमची. डोंगर झिजतो तेव्हा त्यातील सोडियम आणि चुना पाण्यात विरघळून समुद्राकडे जातात, आणि मागे चिकणमाती राहते. ती ॲल्युमिनियमने समृद्ध असते. ही माती थरांवर थर साचून खोल गाडली गेली आणि पुढे वितळली, तर त्या रसात ॲल्युमिनियम गरजेपेक्षा जास्त असते. फेल्स्पारचे पोट भरूनही ते उरते. मग त्यातून स्फटिकणाऱ्या बायोटाइटमध्ये ॲल्युमिनियमचे प्रमाण चढे राहते, आणि त्याच्या सोबतीला पांढरे अभ्रक, गार्नेट किंवा कॉर्डिएराइट ही खनिजेही दिसतात. उलट, कधीही हवापाण्याने न झिजलेल्या अग्निज खडकाच्या वितळण्यातून झालेल्या ग्रॅनाइटमध्ये बायोटाइटच्या जोडीला हॉर्नब्लेंड असते. १९७४ साली ऑस्ट्रेलियातील ब्रूस चॅपेल आणि ॲलन व्हाइट या दोघांनी आग्नेय ऑस्ट्रेलियातील लॅकलन पट्ट्याच्या अभ्यासावरून ही दोन कुळे स्पष्ट केली. गाळाच्या खडकांपासून झालेल्या कुळाला त्यांनी ‘एस’ आणि अग्निज खडकांपासून झालेल्याला ‘आय’ अशी साधी अक्षरे दिली. रीड यांचा आग्रह आता नकाशावर उतरला.

या ‘एस’ कुळाचे भव्य उदाहरण आपल्याच देशात आहे. गंगोत्रीच्या वरचे शिवलिंग शिखर आणि भागीरथीची शिखरे ज्या फिकट ग्रॅनाइटची आहेत तो सुमारे २ कोटी ३० लक्ष वर्षांपूर्वी, हिमालयाच्या उभारणीत, जुन्या चिखलाच्या खडकांच्या वितळण्यातून झाला. त्यात पांढरे अभ्रक आहे, तुरमळी आहे, गार्नेट आहे. तो चिखल वितळण्यास पाणी कोठून मिळाले असेल? बाहेरून नव्हे. गाडलेल्या चिखलाचे आधीच अभ्रकी शिस्ट झाले होते. तापमान सातशे अंशांच्या पुढे चढताच त्यातील पांढरे अभ्रक मोडले, त्याने आपल्यातील बांधलेले पाणी सोडले, आणि त्या पाण्याने शेजारची गारगोटी व फेल्स्पार वितळविली. आणखी शंभरेक अंश चढले तर काळे अभ्रकही मोडते. म्हणजे पुष्कळ ग्रॅनाइटांच्या बाबतीत अभ्रक हे केवळ अपत्य नव्हे. त्यांच्या जन्माला कारण झालेले पाणीही जुन्या अभ्रकाच्याच पोटातले. एका अभ्रकाच्या मरणातून रस होतो आणि त्या रसातून दुसरे अभ्रक जन्मते. मला या साऱ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

दुसरी साक्ष लोहाची. लोह दोन अवस्थांत असते, कमी ऑक्सिजन घेतलेले आणि अधिक घेतलेले. हान्स ऑइगस्टर आणि डेव्हिड वोन्स यांनी बंद कुपीत ऑक्सिजनचे प्रमाण काटेकोरपणे राखून बायोटाइट तयार केले, आणि १९६५ मध्ये असे दाखविले की बायोटाइटमधील लोहाच्या प्रमाणावरून, त्याच्या सोबतीला फेल्स्पार व मॅग्नेटाइट असल्यास, शिलारसातील ऑक्सिजनची स्थिती काढता येते. शिलारस ऑक्सिजनने संपन्न असेल तर लोहाचा मोठा वाटा मॅग्नेटाइट घेऊन टाकते आणि अभ्रकाच्या वाट्याला मॅग्नेशियम अधिक येते. शिलारस ऑक्सिजनला मुकलेला असेल तर लोह अभ्रकात शिरते आणि मॅग्नेटाइटऐवजी इल्मेनाइट तयार होते. ऑक्सिजन नाहीसा कोण करतो? बहुधा समुद्रतळाच्या काळ्या चिखलातील कार्बन. म्हणजे एके काळच्या जीवसृष्टीचे अवशेष! जपानच्या शुन्सो इशिहारा यांनी १९७७ साली ग्रॅनाइटांची या पायावर दोन मालिकांत विभागणी केली. त्यांच्या लक्षात आले, की जपानात कथिल आणि टंगस्टन यांच्या खाणी इल्मेनाइट मालिकेच्या ग्रॅनाइटांशी, तर मॉलिब्डेनमच्या खाणी मॅग्नेटाइट मालिकेशी निगडित आहेत. हा केवळ विद्वानांचा वाद राहिला नाही. कोठे खणावे आणि कोठे खणू नये, हे त्यावर ठरू लागले. आपल्याकडे राजस्थानात डेगाणा येथे ग्रॅनाइटशी निगडित टंगस्टनची खाण होती, आणि तेथे लिथियमयुक्त अभ्रकही सापडते.

उरलेल्या साक्षी थोडक्यात सांगतो. टायटॅनियम जास्त असेल तर स्फटिकीकरण उच्च तापमानाला झाले, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पाण्याच्या घटकांच्या जागी फ्लुओरीन किती शिरले यावरून शिलारसातील वायूंचा अंदाज येतो. मॅग्नेशियमचे प्रमाण फार असेल तर खालच्या प्रावरणातून आलेल्या रसाचा हात त्यात असण्याची शक्यता वाढते. याचेही उदाहरण बडोद्यापासून दूर नाही. छोटा उदेपूरच्या मुलखातील आंबाडुंगर येथे कार्बोनेटाइट हा दुर्मिळ खडक असल्याचे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे प्राध्यापक सुखेश्वाला आणि अणुखनिज विभागाचे उदास यांनी १९६३ मध्ये जाहीर केले. हा खडक प्रावरणातून वर आलेल्या रसाचा. त्यातील अभ्रक मॅग्नेशियमयुक्त आहे, आणि त्यावर केलेल्या आर्गॉन पद्धतीच्या कालमापनातून त्याचे वय सुमारे ६ कोटी ५० लक्ष वर्षे निघाले. म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाचे तो समकालीन आहे.

हे सारे मोजावयाचे कसे? पूर्वी दगड कुटून, भिंगाखाली अभ्रकाचे कण वेचून, आम्लात विरघळवून एकेक घटक वेगळा काढावा लागे. एका पृथक्करणाला काही दिवस जात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील मार्गारेट फॉस्टर या रसायनविदुषीने अशा शेकडो पृथक्करणांची छाननी करून १९६० मध्ये काळ्या अभ्रकांची घटना सूत्रबद्ध केली. त्याच्या आधीच पॅरिसमध्ये रेमाँ कास्तँ याने १९५१ च्या आपल्या प्रबंधात इलेक्ट्रॉनांच्या बारीक शलाकेने खनिजाच्या एका बिंदूचे पृथक्करण करण्याचे यंत्र सिद्ध केले होते. ते यंत्र रूढ झाल्यावर काम झपाट्याने वाढले, इतके की १९९४ मध्ये अब्देल-रहमान यांनी केवळ लोह, मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांच्या प्रमाणावरून बायोटाइट कोणत्या जातीच्या शिलारसाचा आहे हे दर्शविणारे आलेख प्रसिद्ध केले. आज विद्यार्थी आपले आकडे त्या आलेखावर टिंबांनी मांडतात आणि टिंब ज्या खणात पडेल ते उत्तर मानतात. येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण उत्तर इतके स्वस्त नाही.

पहिली अडचण रसवैद्यांनी ओळखली होती तीच. ग्रॅनाइट थिजल्यानंतरही लक्षावधी वर्षे गरम राहतो, त्यातून पाणी फिरत असते, आणि अभ्रक आपले घटक शेजाऱ्यांशी बदलत राहते. कधी ते हिरव्या क्लोराइटमध्ये पालटते. अशा अभ्रकाची साक्ष जन्माची नसून उतारवयाची असते. दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. चॅपेल आणि व्हाइट यांची दोन कुळे जितकी स्वच्छ वाटली तितकी ती निघाली नाहीत. त्याच लॅकलन पट्ट्यातील ‘आय’ कुळाच्या ग्रॅनाइटांमधील झिरकॉनचे कण केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले, आणि २००७ साली असा निष्कर्ष काढला, की ज्यांना शुद्ध अग्निज वंशाचे समजत होते त्यांतही गाळाच्या खडकांचा अंश आहे. प्रावरणाच्या रसाने गाळाला पोटात घेऊन हे ग्रॅनाइट घडविले. झिरकॉन हे अभ्रकापेक्षा कितीतरी हट्टी खनिज आहे. ते सहजासहजी आपली नोंद पुसू देत नाही. म्हणून आजचा सावध संशोधक अभ्रकाला एकट्याला विचारीत नाही. अभ्रक शेवटच्या शिलारसाची स्थिती, त्यातील पाणी, ऑक्सिजन आणि उष्णता सांगते. आईबाप कोण, हे त्यावरून केवळ सूचित होते. ते झिरकॉनकडून आणि समस्थानिकांकडून पडताळून घ्यावे लागते. माझ्या मते ही अभ्रकाची नामुष्की नव्हे. न्यायालयातसुद्धा साक्षीदाराने जे पाहिले तेवढेच त्याला विचारावयाचे असते.

आता आपल्या ओरसंग-महीच्या मुलखाकडे परत येऊ. पंचमहाल १८६१ पर्यंत शिंद्यांच्या राज्यात होता; त्याच्या दक्षिणेचा व पश्चिमेचा पुष्कळ मुलूख गायकवाडांचा. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत त्यांच्या राज्याची भूवैज्ञानिक पाहणी रॉबर्ट ब्रूस फूट यांनी केली. हिंदुस्थानातील अश्मयुगीन हत्यारांचे संशोधक म्हणून त्यांची ख्याती होतीच. त्यांचा बडोदे राज्याच्या भूविज्ञानावरील ग्रंथ १८९८ साली प्रसिद्ध झाला. खडकांचे वय वर्षांत सांगण्याचे साधन त्या काळी कोणाजवळच नव्हते. ते साधन मिळाले तेही अभ्रकाच्याच कृपेने. १८६१ मध्ये बुन्सेन आणि किर्खहोफ यांना लेपिडोलाइट या जांभळट अभ्रकाच्या वर्णपटात दोन अनोळखी तांबड्या रेषा दिसल्या, आणि रुबिडियम हे मूलद्रव्य सापडले. अभ्रकातील पोटॅशियमच्या जागी रुबिडियम सहज बसते. त्याचा एक प्रकार अत्यंत मंद गतीने स्ट्रॉन्शियममध्ये पालटतो. निम्मे पालटावयास सुमारे ४,९०० कोटी वर्षे लागतात! या घड्याळाने अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील के. गोपालन यांनी, बडोदे विद्यापीठातील भूवैज्ञानिकांच्या सहकार्याने, गोध्रा ग्रॅनाइटचे वय मोजले व ते १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. ते निघाले ९५ कोटी ५० लक्ष वर्षे, दोन कोटींच्या फरकाने इकडे किंवा तिकडे.

यासाठी त्यांनी संपूर्ण खडकाचे नमुने वापरले, आणि त्याला कारण होते. काळ्या अभ्रकातील हे घड्याळ खडक सुमारे ३०० अंशांपर्यंत निवल्यावरच चालू होते; त्यापेक्षा अधिक तापला तर ते पुन्हा शून्यावर येते. एकट्या अभ्रकाचे वय म्हणजे खडक निवल्याचे वय, जन्माचे नव्हे. याच ग्रॅनाइटवर मामताणी आणि ग्राइलिंग यांनी २००५ मध्ये निराळ्याच दिशेने काम केले. खडकातील चुंबकीय गुणधर्म कोणत्या दिशेला अधिक आहेत हे मोजून त्यांनी त्यातील खनिजकणांचा कल निश्चित केला. त्यावरून हा रस ज्या वेळी थिजत होता त्या वेळी सभोवतालचे भूकवच कोणत्या बाजूंनी दाबले जात होते, हे त्यांनी ठरविले.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना वाटेल, की आमच्याकडे तर सगळा काळा पाषाण. आम्हाला या ग्रॅनाइटशी काय करावयाचे? नांदेडकडे देगलूर-बिलोलीच्या बाजूला तो वर आलेला आहेच, सिंधुदुर्गात आणि पूर्व विदर्भातही आहे. परंतु जेथे दिसत नाही तेथेही तो खाली आहे. कोयनेचे भूकंप समजून घेण्यासाठी त्या परिसरात खोल विवरे खणण्यात आली. तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विवर २०१७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा काळा पाषाण ओलांडल्यावर तेथे ग्रॅनाइट आणि त्याच जातीचे पट्टेदार खडक लागले. कोयनेचे धक्के जन्मतात ते बहुतेक या खालच्या खडकात, वरच्या काळ्या पाषाणात नव्हे. तेथून वर आणलेल्या दगडी कांड्यांमध्येही काळ्या अभ्रकाचे ठिपके आहेत.

गोरव्यातील वाळूतल्या पापुद्र्याचे मात्र एक सांगावयाचे राहिले. काही पापुद्रे सोनेरी का दिसतात? ग्रॅनाइट उन्हापावसात सुटा होऊ लागला की काळ्या अभ्रकातील लोह गंजते, पोळ्यांमधील पोटॅशियम पाण्यात निघून जाते, त्याच्या जागी पाणी शिरते आणि पापुद्रा फिकट होऊन सोन्यासारखा चमकू लागतो. निखाऱ्यावर टाकलात तर हा फुगून उठेल. रसवैद्याने तो केव्हाच बाजूला काढला असता, आणि प्रयोगशाळाही त्याची साक्ष घेत नाही. त्यातून निघालेले पोटॅशियम नदीच्या गाळाबरोबर खाली येते, मातीत मिसळते, आणि मही व ओरसंगेच्या काठची केळी, तंबाखू, तूर यांची मुळे ते शोषून घेतात.